लॉक लाइपझिग: चौथ्या श्रेणीतल्या एका थोर क्लबाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मन फुटबॉल म्हटलं की आपल्याकडे बायर्न आणि डॉर्टमुंड एवढंच डोळ्यांसमोर येतं. पण जर्मनीचा पहिला राष्ट्रीय विजेता ठरलेला क्लब आज चौथ्या श्रेणीत, लाकडी प्रेक्षागार असलेल्या जुन्या मैदानावर खेळतो, हे कळलं की लोक चक्रावतात आणि प्रश्न विचारू लागतात. त्यातले सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. क्लबाचं पूर्ण नाव '१. एफसी लोकोमोटिव्ह लाइपझिग'. जर्मन माणसं त्याला नुसतं 'लॉक' म्हणतात. 'लोक' असं लिहिलं तर मराठी वाक्यात गोंधळ होतो, म्हणून इथे सगळीकडे 'लॉक'.

१. लॉक म्हणजेच आरबी लाइपझिग ना? चॅम्पियन्स लीग खेळणारा?

नाही. सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच आहे. आरबी लाइपझिग २००९ साली उभा राहिला. एका पेय कंपनीने मार्कक्रानश्टेट या शेजारच्या गावातल्या क्लबाची पाचव्या श्रेणीतली जागा घेतली आणि तिथून तो संघ थेट वर गेला. लॉकची परंपरा एकोणिसाव्या शतकापर्यंत मागे जाते (प्रश्न ४ पाहा). शहर तेवढं एक. क्लब, मैदान, चाहते, रंग सगळं वेगळं. लॉकचे रंग निळा आणि पिवळा.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगण्यासारखी आहे. २००९-१० च्या हंगामात लॉक आणि आरबी एकाच पाचव्या श्रेणीत, एकाच गटात खेळत होते. एकाच शाळेतली दोन मुलं एका बाकावर बसावीत आणि पुढे एकाने विमान पकडावं, दुसऱ्याने रोजची ट्राम, तसं पुढे झालं.

२. फुटबॉल क्लबाला 'रेल्वे इंजिन' हे नाव का?

पूर्व जर्मनीत क्लब कुठल्या ना कुठल्या सरकारी उद्योगाच्या किंवा खात्याच्या छत्राखाली असत, आणि नावावरून ते खातं ओळखू येई. 'केमी' म्हणजे रसायन उद्योग, 'डायनामो' म्हणजे पोलीस आणि सुरक्षा खाती, 'लोकोमोटिव्ह' म्हणजे रेल्वे. १९६६ साली क्लबाला हे नाव मिळालं तेव्हा पूर्व जर्मन रेल्वे, म्हणजे 'डॉइच राइख्सबान', त्याच्या पाठीशी होती. आपल्याकडेही रेल्वेचे संघ खेळतात, त्यामुळे मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. फरक इतकाच की तिथे क्लबाचं भवितव्यच खात्याच्या आणि पक्षाच्या हातात असे.

३. सध्या क्लब नेमका कुठल्या पायरीवर आहे?

रेगिओनाललिगा नॉर्डओस्ट, म्हणजे ईशान्य गट. जर्मनीत वरच्या तीन श्रेणी देशभराच्या आहेत: बुंडेसलिगा, दुसरी बुंडेसलिगा आणि तिसरी लिगा. त्याखालची चौथी श्रेणी पाच प्रादेशिक गटांत विभागलेली आहे आणि लॉक त्यातल्या एका गटात आहे. हा विभागणीचा मुद्दा नीट लक्षात ठेवा. क्लबाच्या अलीकडच्या दोन सगळ्यात मोठ्या जखमा तिथूनच आल्या आहेत (प्रश्न १३).

४. क्लबाची स्थापना कधीची? कुठे १८९३, कुठे १८९६, कुठे १९६६, कुठे २००३ दिसतं.

चारही सालं खरी आहेत. १८९३ हे साल 'स्पोर्टब्रुडर' या संघाचं, जो पुढे व्हीएफबी लाइपझिगमध्ये मिसळला. १८९६ साली स्वतः व्हीएफबी लाइपझिग स्थापन झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत ताब्यातल्या भागात जुने क्लब बरखास्त झाले आणि व्हीएफबीही संपला. त्याच प्रोब्स्टहायडा उपनगरात, त्याच मैदानावर आधी एसजी प्रोब्स्टहायडा, मग आणखी दोन-तीन नावं, मग १९५४ साली एससी रोटाट्सिओन, १९६३ साली एससी लाइपझिग आणि अखेर २० जानेवारी १९६६ रोजी १. एफसी लोकोमोटिव्ह, असा प्रवास झाला.

जर्मनी एक झाल्यावर १९९१ मध्ये क्लबाने पुन्हा व्हीएफबी हे नाव घेतलं. ते दिवाळखोरीत बुडत होतं. तेव्हाच १० डिसेंबर २००३ रोजी चाहत्यांनी लोकोमोटिव्ह हे नाव घेऊन क्लब पुन्हा उभा केला. माझ्या मते यातलं एखादं साल निवडून बाकीची खोडण्यात अर्थ नाही. पाटी बदलत राहिली, मैदान आणि माणसं तीच राहिली. कागदावरचा वारसा हा मात्र वेगळा विषय आहे, त्यासाठी प्रश्न १२ पाहा.

५. जर्मनीचा पहिला विजेता लाइपझिगचा, हे खरं आहे का?

अगदी खरं. ३१ मे १९०३ रोजी हाम्बुर्गलगतच्या आल्टोना इथे पहिल्या जर्मन अजिंक्यपद स्पर्धेचा अंतिम सामना झाला. व्हीएफबी लाइपझिगने डीएफसी प्रागला ७-२ ने हरवलं. प्रागचा क्लब जर्मन स्पर्धेत कसा, असं लगेच विचारलं जातं. तो प्रागमधल्या जर्मन भाषकांचा क्लब होता, आणि त्या वेळच्या जर्मन फुटबॉल संघटनेत ऑस्ट्रिया-हंगेरीतले जर्मन क्लबही होते. संघटनेचे पहिले अध्यक्ष फेर्डिनांड ह्युप्पं हे त्याच प्रागच्या क्लबाचे.

प्राग अंतिम फेरीत पोचला तो उपांत्य सामना न खेळताच. सामना पुढे ढकलला आहे अशी खोटी तार कार्ल्सरूअच्या संघाला मिळाली, तो संघ आलाच नाही आणि बाद ठरला. अंतिम सामन्याच्या दिवशी धड चेंडूच मिळेना, म्हणून खेळ उशिरा सुरू झाला. मध्यंतराला बरोबरी होती. दुसऱ्या अर्धात लाइपझिगने गोलांचा धडाका लावला. प्रेक्षक फार तर दोनेक हजार असतील. आज लाखांच्या घरात मोजल्या जाणाऱ्या जर्मन फुटबॉलची सुरुवात अशी एका मोकळ्या कवायतीच्या मैदानावर झाली.

लाइपझिगचा मान आणखीही एका गोष्टीमुळे आहे. जर्मन फुटबॉल संघटना म्हणजे डीएफबी, तीच २८ जानेवारी १९०० रोजी लाइपझिगच्या 'मारिएनगार्टन' या उपाहारगृहात जन्मली.

६. त्यानंतर आणखी किती विजेतेपदं?

१९०६ साली फोर्त्सहाइमला २-१ आणि १९१३ साली ड्युसबुर्गच्या संघाला ३-१ हरवून व्हीएफबी पुन्हा जर्मन विजेता झाला. म्हणजे एकूण तीन. १९११ आणि १९१४ साली अंतिम सामना हरला. १९१४ ची फ्युर्टविरुद्धची लढत जादा वेळेत इतकी लांबली की ती दीडशे मिनिटांच्याही पुढे गेली. १९०४ ची गोष्ट वेगळी. व्हीएफबी अंतिम फेरीत होता, पण एका संघाच्या तक्रारीमुळे तो सामना रद्द झाला आणि त्या वर्षी विजेताच नाही.

१९३६ चा राष्ट्रीय करंडकही व्हीएफबीने घेतला. आजच्या जर्मन करंडकाची ती पूर्वपीठिका. बर्लिनच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये, प्रत्यक्षात जानेवारी १९३७ मध्ये, त्या काळच्या बलाढ्य शाल्कला २-१ ने हरवून. करंडकाला तेव्हा नाझी राजवटीतल्या क्रीडाप्रमुखाचं नाव होतं.

७. पूर्व जर्मनीच्या काळात लॉक इतका मोठा होता, तर तिथला लीग विजेता एकदाही कसा नाही?

हे शल्य जुन्या चाहत्यांच्या मनातून अजून गेलेलं नाही. १९६७, १९८६ आणि १९८८ अशी तीन वेळा दुसरी जागा मिळाली. करंडक मात्र चार वेळा आला: १९७६, १९८१, १९८६ आणि १९८७.

अडथळा होता बर्लिनचा बीएफसी डायनामो. त्याने १९७९ ते १९८८ अशी सलग दहा विजेतेपदं घेतली. गुप्त पोलीस खात्याचा प्रमुख एरिश मील्क त्या क्लबाचा आश्रयदाता होता, त्यामुळे प्रत्येक वादग्रस्त निर्णयाकडे संशयाने पाहिलं जाई. २२ मार्च १९८६ रोजी लाइपझिगमध्ये लॉक १-० पुढे होता. पंच बेर्न्ड श्टुम्फ यांनी ९५व्या मिनिटाला बीएफसीला पेनल्टी दिली आणि सामना १-१ सुटला. देशभर इतका संताप उसळला की श्टुम्फ यांच्यावर कायमची बंदी आली. हंगामाअखेर बीएफसी लॉकच्या दोन गुणांनी पुढे होता.

आता कठीण भाग. एकत्रीकरणानंतर काही वर्षांनी वेगळ्या कोनातून घेतलेलं चित्रण समोर आलं आणि त्यावरून ती पेनल्टी बरोबर असावी असं दिसतं. लॉकच्या बाजूने बोलतानाही हे सांगितलं पाहिजे. व्यवस्था अन्यायाची होती म्हणून तिच्यातला प्रत्येक निर्णय चुकीचा ठरत नाही, आणि ज्या पंचाला शिक्षा झाली तोही त्या व्यवस्थेचाच बळी असू शकतो. १९८८ साली तर गुण समान होते आणि विजेतेपद गोलफरकावर गेलं.

८. १९८७ च्या त्या रात्रीबद्दल चाहते अजून बोलतात. नेमकं काय झालं होतं?

२२ एप्रिल १९८७. युरोपीय करंडक विजेत्यांच्या स्पर्धेची उपांत्य फेरी, समोर फ्रान्सचा बोर्दो. पहिला सामना बोर्दोत लॉकने १-० जिंकला होता. परतीच्या सामन्याला त्सेंट्राल स्टेडियमवर अधिकृत आकडा ७३,००० चा, पण तिथे असलेले सगळेच लाखाच्या वर सांगतात. सुरुवातीच्या काही मिनिटांतच बोर्दोने गोल केला आणि दोन्ही सामने मिळून बरोबरी झाली. मग उरलेला वेळ आणि जादा वेळ धरून जवळजवळ दोन तास एकही गोल नाही.

पेनल्टीवर निकाल ठरायचा होता. गोलरक्षक रेने म्युलरने बोर्दोची पेनल्टी अडवली आणि मग निर्णायक पेनल्टी मारायला तो स्वतःच पुढे आला. ज्याने आत्ताच गोलजाळीचं रक्षण केलं तोच चेंडू ठेवून मागे चालत जातो आहे, हे चित्र ज्यांनी पाहिलं त्यांच्यासाठी ते कायमचं झालं. चेंडू जाळ्यात गेला आणि लॉक ६-५ ने जिंकला.

१३ मे रोजी अथेन्समध्ये अंतिम सामना होता. समोर योहान क्रॉइफ यांच्या मार्गदर्शनाखालचा आयाक्स. मार्को फान बास्टनने विसाव्या मिनिटाला डोक्याने गोल केला आणि १-० एवढ्यावर सगळं संपलं. पूर्व जर्मन नागरिकाला पश्चिमेकडे मनात आलं म्हणून जाता येत नसे. त्यामुळे एप्रिलमध्ये स्टेडियमवर ओरडून घसे बसवलेल्या बहुतेकांनी क्लबाचा सगळ्यात मोठा सामना घरी दूरचित्रवाणीवर पाहिला.

युरोपातल्या लॉकच्या कहाण्या याआधीच्याही आहेत. १९६६-६७ मध्ये युसेबियोच्या बेनफिकाला बाद केलं. १९७३-७४ च्या यूएफा करंडकात तोरिनो, वुल्व्हरहॅम्प्टन, ड्युसेलडॉर्फ आणि इप्स्विच यांना मागे टाकून उपांत्य फेरी गाठली, तिथे टॉटनहॅमने हरवलं. १९८८ साली मॅराडोनाचा नापोली लाइपझिगला आला तेव्हा १-१ अशी बरोबरी झाली. पुढे नापोलीने परतीचा सामनाही जिंकला आणि करंडकही.

९. १९५७ चा पूर्व जर्मन करंडक 'एससी लोकोमोटिव्ह लाइपझिग'ने जिंकला होता. मग लॉकचे करंडक पाच नाहीत का?

नाही, आणि इथे माहितगारही फसतात. ते लोकोमोटिव्ह वेगळं. १९५४ साली लाइपझिगच्या पश्चिमेकडच्या लॉइच भागातल्या केमी क्लबाचे खेळाडू घेऊन तो संघ उभा केला होता. नाव लोकोमोटिव्ह, पण घर लॉइचमधलं. आजच्या लॉकचे पूर्वज त्या वेळी एससी रोटाट्सिओन नावाने खेळत होते. १९६३ साली दोन्ही संघ मोडून नवी मांडणी झाली, ती पुढच्या प्रश्नात.

१०. केमी आणि लॉक यांचं हाडवैर कशावरून?

१९६३ साली शहरातल्या क्रीडा अधिकाऱ्यांनी ठरवलं की लाइपझिगमधले सगळे उत्तम खेळाडू एकाच क्लबात घालायचे. तो क्लब म्हणजे एससी लाइपझिग, लॉकचा थेट पूर्वज. जे निवडीत बसले नाहीत त्यांना लॉइचला केमीकडे पाठवलं. लोक त्यांना 'लाइपझिगचा उरलेला माल' म्हणू लागले.

आणि १९६४ साली पूर्व जर्मनीचा विजेता ठरला तो हा उरलेला माल. प्रशिक्षक आल्फ्रेड कुन्झं यांनी नाकारलेल्या खेळाडूंतून विजेता संघ घडवला. निवडलेल्यांचा संघ मागे राहिला. लॉकवर माझं प्रेम आहे, तरी या गोष्टीत केमीलाच मानाचा मुजरा. केमी आज ज्या मैदानावर खेळतो त्याला कुन्झं यांचंच नाव आहे. दोन्ही क्लब अलीकडे एकाच चौथ्या श्रेणीत असतात आणि त्यांच्या लढतीला पोलिसांचा मोठा बंदोबस्त लागतो.

११. बुंडेसलिगात खेळलेला क्लब दिवाळखोर कसा झाला?

१९९१ साली पूर्वेची लीग पश्चिमेच्या रचनेत मिसळली तेव्हा पूर्वेच्या फक्त दोन क्लबांना पहिल्या बुंडेसलिगात जागा मिळाली, रोस्टॉक आणि ड्रेस्डेन. लॉक पात्रता फेरीतून दुसऱ्या बुंडेसलिगात गेला आणि व्हीएफबी लाइपझिग झाला. १९९२-९३ मध्ये २४ संघांच्या लांबलचक हंगामात युर्गन झुंडरमान यांच्या मार्गदर्शनाखाली तिसरा येऊन वर चढला. ते करताना बेर्न्ड होब्श हा आघाडीचा खेळाडू हंगामाच्या मध्यावरच वेर्डर ब्रेमेनला गेला होता. तिकडे तो त्याच वर्षी जर्मन विजेताही झाला.

१९९३-९४ हा बुंडेसलिगातला एकमेव हंगाम: फक्त तीन विजय, १७ गुण, शेवटची जागा. कारखाने बंद पडत असलेल्या शहरात मोठा प्रायोजक मिळणं अवघड, खर्च मात्र वरच्या श्रेणीचा. १९९८ मध्ये संघ तिसऱ्या श्रेणीत घसरला, १९९९ मध्ये पहिली दिवाळखोरी झाली आणि २००४ मध्ये दुसरी. या वेळी सगळंच संपलं.

१२. अकराव्या श्रेणीपासून सुरुवात केली म्हणतात. आणि मग १९०३ चं विजेतेपद आता कोणाचं?

व्हीएफबी बुडणार हे दिसत असतानाच श्टेफेन कुबाल्ड यांच्यासह काही चाहत्यांनी डिसेंबर २००३ मध्ये नवा लॉक नोंदवला. नवा क्लब म्हणजे सगळ्यात खालून सुरुवात, २००४-०५ मध्ये अकरावी श्रेणी. ९ ऑक्टोबर २००४ रोजी त्सेंट्राल स्टेडियमवर आयनट्राख्ट ग्रोसडॉइबेनच्या दुसऱ्या संघाविरुद्ध सामना झाला, त्याला १२,४२१ प्रेक्षक आले. इतक्या खालच्या श्रेणीतल्या सामन्याचा तो जागतिक विक्रम ठरला. संघाकडे तेव्हा ना तारे होते ना पैसा. तिकीट काढून आलेली ती माणसं पाहिली की क्लब जिवंत आहे की मेला, याचं उत्तर मिळतं.

पुढे टोरगाऊच्या एका क्लबाशी विलीनीकरण करून काही पायऱ्या एकदम वर जाता आलं. २००८ मध्ये पाचवी श्रेणी, २०१२ मध्ये रेगिओनाललिगा, २०१४ मध्ये पुन्हा खाली, २०१६ मध्ये पुन्हा वर.

कायद्याने पाहिलं तर २००३ चा लॉक ही वेगळी संस्था होती, म्हणून १९०३, १९०६ आणि १९१३ ची विजेतेपदं त्याची कशी, हा प्रश्न रास्त होता. तो चाहत्यांनी मैदानाबाहेरच सोडवला. जुन्या व्हीएफबीची नोंदणीकृत संस्था लॉकमध्ये विलीन करून घेतली. त्यामुळे आता वारसा भावनेपुरता नाही, कागदावरही आहे.

लोथार मॅथॉइस लॉककडून खेळले हे ऐकून बरेच जण अफवा समजतात. ती अफवा नाही. १९९० चे विश्वविजेते कर्णधार २००५ मध्ये शहर करंडकाच्या एका सामन्यात लॉकच्या वेषात उतरले होते.

१३. लॉक दोनदा गटविजेता झाला, तरी तिसऱ्या लिगात का गेला नाही?

गट पाच, वर जायच्या जागा चार. पश्चिम आणि नैर्ऋत्य गटांचे विजेते आता दर वर्षी थेट जातात. उत्तर, ईशान्य आणि बव्हेरिया या तिघांपैकी एकाला आळीपाळीने थेट जागा मिळते आणि उरलेले दोन विजेते एका जागेसाठी दोन सामने खेळतात.

२०२० मध्ये करोनामुळे हंगाम अर्धवट थांबला आणि सामन्यामागच्या सरासरी गुणांवर लॉक विजेता ठरला. बढतीच्या त्या दोन सामन्यांत फेर्लविरुद्ध घरच्या मैदानावर २-२, तिकडे १-१. एकही सामना न हरता, केवळ प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावरच्या गोलांच्या नियमाने (बरोबरी झाल्यास बाहेर जास्त गोल करणारा पुढे) लॉक मागे राहिला. तो नियम युरोपीय संघटनेने पुढच्याच वर्षी आपल्या स्पर्धांतून काढून टाकला.

२०२५ मध्ये पुन्हा विजेता. हाफेल्झंविरुद्ध बाहेर १-१, आणि घरच्या मैदानावर जादा वेळेनंतर ०-३. पूर्वेकडचे क्लब 'विजेत्याला बढती मिळालीच पाहिजे' अशी मागणी लावून धरून आहेत. ३० हून अधिक सामने खेळून पहिला आलेल्या संघाचं वर्ष दोन सामन्यांत वाहून जावं, हे मला तरी पटत नाही.

१४. लॉकच्या चाहत्यांबद्दल वाईट ऐकलं आहे. त्यात तथ्य आहे?

आहे, आणि ते लपवून क्लबावरचं प्रेम सिद्ध होत नाही. फेब्रुवारी २००७ मध्ये आऊच्या दुसऱ्या संघाविरुद्धच्या करंडक सामन्यानंतर शेकडो दंगेखोरांनी पोलिसांवर हल्ला केला. तीसहून अधिक पोलीस जखमी झाले आणि सॅक्सनी राज्यातले पुढच्या आठवड्याचे सगळे सामने रद्द करावे लागले. उजव्या अतिरेकी टोळ्या या मैदानाभोवती वर्षानुवर्षं वावरत आल्या आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये शाल्कविरुद्धच्या जर्मन करंडकाच्या सामन्यात पाहुण्या संघाच्या ख्रिस्टोफर अँटवी-अडजेई या खेळाडूला वर्णद्वेषी शेरेबाजी ऐकावी लागली आणि खेळ थांबवावा लागला. तो सामना लॉक जादा वेळेत ०-१ हरला. खेळ चांगला झाला होता, पण त्या दिवसाची आठवण खेळाची राहिली नाही. क्लबासाठी वर्षानुवर्षं फुकट राबणाऱ्या माणसांचंही त्यात नुकसान होतं.

१५. चौथ्या श्रेणीतला संघ शाल्क किंवा फ्रांकफुर्टशी कसा खेळतो?

राज्य करंडक जिंकणाऱ्याला जर्मन करंडकाच्या पहिल्या फेरीत जागा मिळते. सॅक्सनीचा करंडक घेऊन लॉक २०२१ मध्ये लेव्हरकुझेनशी (०-३), २०२३ मध्ये फ्रांकफुर्टशी (०-७) आणि २०२५ मध्ये शाल्कशी खेळला. शाल्कच्या सामन्याबद्दल प्रश्न १४ पाहा.

१६. लाइपझिगला जाणार आहे. मैदान पाहण्यासारखं आहे का?

जरूर जा. ब्रुनो प्लाखे स्टेडियम शहराच्या आग्नेयेला प्रोब्स्टहायडात आहे. १५ क्रमांकाची ट्राम तिकडे जाते आणि वाटेत १८१३ च्या नेपोलियनविरुद्धच्या लढाईचं ते प्रचंड दगडी स्मारकही दिसतं. व्हीएफबीने हे मैदान १९२२ मध्ये उघडलं तेव्हा क्लबाच्या मालकीचं एवढं मोठं मैदान जर्मनीत दुसरं नव्हतं. आता सुरक्षेच्या नियमांमुळे मूळ क्षमतेचा थोडाच भाग वापरता येतो. मुख्य प्रेक्षागार १९३२ चं आहे, पूर्ण लाकडी. जागा मिळाली तर तिथेच बसा. गोल झाला की हजारो पाय एकदम आपटतात आणि फळ्यांचा तो थरथराट बसलेल्या जागेवर जाणवतो.